ताक, वडिलांचं बीपी आणि तुलनेचा प्रश्न

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जानेवारीत वडिलांचं बीपी दवाखान्यात 148/92 भरलं. तेव्हापासून ते रोज घरचं ताक पितात, सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जातात, आणि एप्रिलअखेर आकडा 134/84 वर आला. म्हणजे ताकानेच बीपी उतरलं. आंबवलेल्या दुधाने ते उतरतं हे जपानमध्येही सिद्ध झालंय, मग मी पुरावा मागून औषध कंपन्यांची तळी का उचलतो?

आकडा उतरला याचा मला मनापासून आनंद आहे. पण श्रेय ताकाचंच कशावरून? तळजाईचं तुम्हीच लिहिलंत. नियमित चालण्याने बीपी उतरतं. शिवाय पुण्यातली जानेवारीची थंडी आणि एप्रिलचा उकाडा यांत केवढा फरक! थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, उन्हाळ्यात सैलावतात, आणि तेवढ्यानेही वरचा आकडा काही अंकांनी खाली येतो. त्यात माणूस उपाय सुरू करतो तोच आकडा नेहमीपेक्षा चढा दिसल्यावर. पुढची मोजणी मग काहीच न करताही बहुधा थोडी कमी भरते.

जपानच्या 1996 च्या प्रयोगाची मलाही कदर आहे, आणि ती नेमकी याच कारणासाठी. रक्तदाब चढा असलेली 30 वयस्कर माणसं, 8 आठवडे, रोज 95 मिली आंबवलेलं दूध. पण हे फक्त एका गटाला. दुसऱ्याला नुसतं आम्ल घालून आंबट केलेलं दूध दिलं. ऋतू, मोजणी, आशा हे सगळं दोन्हीकडे सारखं. त्यामुळे जो फरक उरला तो आंबवण्याचा म्हणता आला. त्यामागे कारणही आहे. लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस हा जिवाणू दुधातल्या केसिन या प्रथिनाचे बारीक तुकडे करतो आणि त्यातले काही तुकडे एसीई या, रक्तवाहिन्या आकसायला लावणाऱ्या एन्झाइमला अडवतात. बीपीच्या काही गोळ्याही तिथेच काम करतात.

पुढे 2012 मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात आंबवलेल्या दुधाच्या 15 प्रयोगांतल्या 1232 जणांची आकडेवारी एकत्र पाहिली गेली. वरचा आकडा सरासरी अडीचने कमी, खालच्यावर ठोस परिणाम नाही. तुमच्या वडिलांचा उतार 14 चा आहे. आणि आपलं विरजण घरोघरी वेगळं, वर ताकात पाणी. ते जपानी दूध नव्हे. गोळ्यांनाही मी हीच फूटपट्टी लावतो. अशा तुलनेशिवाय नवी गोळी आली तर तिच्याविरुद्धही इथेच लिहीन.

मला खरी काळजी मिठाची वाटते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. लग्नातल्या मठ्ठ्यासारखं खारं ताक रोज दोन ग्लास घेतलं तर त्यातला मोठा वाटा तिथेच संपतो. सैंधव घातलं तरी सोडियम जातंच. वडिलांना ताक आवडतं ना? जरूर पिऊ द्या, आलं-जिरं-कोथिंबीर घालून, बिनमिठाचं.

आणि खरंच तपासायचं असेल तर घरी दंडावर बांधायचं मशीन वापरा. पाच मिनिटं शांत बसून, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, सात दिवस मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरच्या मोजणीत 135/85 ही चढ्या बीपीची सीमा धरतात. हेच डिसेंबर-जानेवारीत पुन्हा करा आणि वही डॉक्टरांना दाखवा. गोळी चालू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.