कुंडलिकेच्या नकाशाबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या कुंडलिका नदीच्या कयाकिंगच्या (छोट्या होडीतून वल्हवत जाण्याच्या) नकाशाला एक तारा दिलात आणि तीन कारणं लिहिलीत. पाण्यात उतरायची खूण खऱ्या वाटेपासून शंभरेक मीटर लांब, भाताच्या खाचरात निघाली आणि शेतमालक रागावले. अवघडपणाच्या तिसऱ्या श्रेणीचा म्हणून दाखवलेला रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा टप्पा, जेमतेम दुसऱ्या श्रेणीचा वाटला. आणि डावा-उजवा काठ उलटा छापला आहे.

पहिली तक्रार शंभर टक्के खरी आहे. त्या सकाळी तुम्हाला जे ऐकून घ्यावं लागलं ते आमच्यामुळे. मनापासून माफी मागतो.

तुमचा अभिप्राय वाचून दुसऱ्याच दिवशी मी साजे गावापासून काठाकाठाने खाली चालत गेलो. रॅपिडच्या खुणा जागेवर आहेत, त्या आम्ही नदीत राहून घेतल्या होत्या. पण काठावरच्या पायवाटांच्या पाचही खुणा एकाच दिशेला, आग्नेयेकडे, साधारण सारख्याच अंतराने सरकलेल्या सापडल्या. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. या पाच जागा आम्ही सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे भूभागाच्या सविस्तर नकाशावरून, उतरवल्या होत्या. ती शीट एव्हरेस्ट पद्धतीच्या अक्षांश-रेखांशांवर बेतलेली आणि मोबाइलचं जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या पद्धतीवर. आकडे तेच ठेवले तर आपल्या भागात जागा शंभर-सव्वाशे मीटरने हलते. ते रूपांतर करायचं राहून गेलं, आणि छापण्यापूर्वी पाचही ठिकाणी पायी जाऊन बघायला हवं होतं तेही मी केलं नाही.

रस्त्यावर शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. नदीत तसं नसतं. उतरायची जागा चुकली तर कुणाचं तरी शेत तुडवलं जातं. बाहेर पडायची जागा चुकली तर प्रवाह पुढे घेऊन जातो, आणि पुढे डोलवहाळचा बंधारा आहे. तुमच्या वाट्याला पहिली चूक आली. दुसरी कुणाच्या वाट्याला आली असती तर, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

खाचराच्या मालकांना मी भेटून आलो. बांधावरून जायला त्यांची हरकत नाही, खाचरात पाय नको आणि गाडी गावातच लावा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. नव्या प्रतीत तसंच छापतो आहोत.

श्रेणी मात्र मी उतरवणार नाही. पावसाळा संपला की कुंडलिकेचा हा टप्पा सोडलेल्या पाण्यावर चालतो. मुळशीच्या तलावातलं पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून या नदीत येतं. खरं तर हे मुळा नदीचं पाणी, एरवी भीमेतून कृष्णेला मिळालं असतं. सकाळी ते भरून येतं तेव्हा तो रॅपिड तिसऱ्या श्रेणीचाच असतो. तुम्ही दुपारी साडेबाराला उतरलात असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा पाणी ओसरलेलं होतं. ओसरल्यावर लाटा बसतात पण दगड वर येतात, त्यामुळे तो सोपा झाला असं मी म्हणणार नाही. श्रेणी कोणत्या पाण्याची आहे हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं, ही त्रुटी मान्य. यापुढे प्रत्येक रॅपिडला भरलेल्या आणि ओसरलेल्या पाण्याची वेगळी नोंद असेल.

डावा-उजवा काठ बरोबर आहे. प्रवाह जिकडे जातो तिकडे तोंड करून डावं-उजवं ठरतं, तुम्ही उलट्या दिशेने पाहत असलात तरीही. हा नियम फक्त मागच्या पानावर होता, आता प्रत्येक पानावर येईल.

तुमचे पैसे परत पाठवत आहोत, दुरुस्त प्रतही पाठवू. ज्यांच्याकडे जुनी प्रत किंवा जुनी फाइल आहे त्यांनी पायवाटांच्या खुणा अंदाजाने सरकवून वापरू नयेत. आम्हाला कळवा, नवी प्रत विनामूल्य मिळेल. ती हातात येईपर्यंत बाहेर पडायची जागा आदल्या दिवशी काठावरून चालत जाऊन डोळ्यांनी बघून घ्या.