लॅपटॉप आहे म्हणून व्हिसा मिळत नाही

"लॅपटॉप असला की झालं. कितीतरी देश राहायला बोलावतात, कागदपत्रं नावापुरती, टॅक्स शून्य, आणि पाच वर्षांत पासपोर्ट." डिजिटल नोमॅड व्हिसाबद्दलचा, म्हणजे परदेशात राहून तिथून ऑनलाइन काम करायच्या परवान्याबद्दलचा हा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यावर विसंबून लोक अर्जाची फी भरून बसतात, म्हणून एकेक दावा तपासू.

"लॅपटॉप असला की झालं." अधिकारी बघतो ते उत्पन्न. एस्टोनियाने २०२० मध्ये हा व्हिसा सुरू केला तेव्हा महिना ३,५०४ युरोंची अट होती, पुढे ती ४,५०० झाली. शिवाय मागच्या सहा महिन्यांची कमाई दाखवावी लागते. पोर्तुगालची अट तिथल्या किमान वेतनाच्या चौपट, स्पेनची दुप्पट. किमान वेतन वाढलं की अटही वाढते, आणि गेल्या वर्षीचा आकडा धरून बसलेले थोडक्यात हुकतात. जपानला वर्षाला एक कोटी येन लागतात, तेही ठरावीक देशांच्याच नागरिकांना.

"कागदपत्रं नावापुरती." सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात. कंपनीच्या पत्रात "वर्क फ्रॉम होमला परवानगी आहे" एवढंच असेल तर ते कुचकामी. परदेशात राहून काम करायला हरकत नाही, हे स्पष्ट हवं. सोबत पद, पगार आणि रुजू झाल्याची तारीख. स्पेनला नोकरी किमान तीन महिन्यांची आणि कंपनी किमान एक वर्षाची लागते.

मग बँक स्टेटमेंट. पगारपत्रकावर ३,२०० युरो आणि खात्यात जमा ३,१८५, तर मधले १५ कुठे गेले ते दाखवा. बँकेचं शुल्क असेल तर त्याची पावती जोडा. फ्रीलान्सरनी प्रत्येक जमेसमोर इनव्हॉइसचा नंबर लिहावा, कारण तीन इनव्हॉइसचे पैसे एकदम आले की अधिकाऱ्याला मेळ लागत नाही. अर्जाच्या तोंडावर खात्यात आलेली मोठी रक्कम तर शंकाच वाढवते.

गुन्हा नसल्याच्या पोलिसांच्या दाखल्यावर आधी अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) घ्या, मग भाषांतर करा. उलट केलंत तर अपोस्टिलच भाषांतराविना राहतं आणि पुन्हा खर्च. दाखल्याला मुदत असते. तो फार आधी काढून ठेवू नका.

"टॅक्स शून्य." क्रोएशियात परदेशी कंपनीसाठी केलेल्या कामाच्या उत्पन्नावर सूट आहे, हे खरं. पण ती सगळीकडे लागू नाही. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवसांच्या वर राहिलात की तुम्ही तिथले करदाते. स्पेनमध्ये सहा लाख युरोंपर्यंत सरसकट २४ टक्के दराने कर भरायची सवलत मिळू शकते, पण सामाजिक सुरक्षेत (पेन्शन, आजारपण वगैरेंच्या सरकारी योजनेत) नोंदणी झाल्यापासून सहा महिन्यांत तिचा वेगळा अर्ज करावा लागतो. तारीख चुकली की सवलत गेली. आणि ही नोंदणी हाच खरा अडसर: दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार नसेल तर कंपनीला स्पेनमध्ये नोंदणी करावी लागते, आणि पुष्कळ कंपन्या तिथेच नकार देतात. कंपनीतल्या पेरोलवाल्यांशी, म्हणजे पगार बघणाऱ्यांशी, हे बोलणं अर्जाच्या आधी करा.

"पाच वर्षांत पासपोर्ट." यातले कित्येक व्हिसा मुळात तात्पुरत्या मुक्कामाचे असतात. थायलंडचा २०२४ मधला व्हिसा पाच वर्षं चालतो, पण एका खेपेला मुक्काम १८० दिवसांचा. जपानचा सहा महिन्यांत संपतो, वाढवून मिळत नाही. क्रोएशियात मुदत संपली की सहा महिने थांबूनच नवा अर्ज.