मोनालिसा विन्यामाज्जोत जन्मली नव्हती

इटलीच्या सहलीच्या फोटोंखाली एक मजकूर हमखास फिरतो: ‘तोस्कानातल्या ग्रेव्हेजवळच्या विन्यामाज्जो व्हिलात मोनालिसा जन्मली. चित्रात तिच्यामागे दिसतो तो इथलाच देखावा. कियांती वाइनला नावही पहिल्यांदा इथेच मिळालं.’

जन्माचं आधी पाहू. व्हिला मूळचा गेरार्दिनी घराण्याचा आणि मोनालिसाच्या चित्रातली लिसाही गेरार्दिनी, एवढ्यावरून ही गोष्ट जुळवली गेली. पण पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातच तो गेरार्दी या दुसऱ्याच घराण्याकडे गेला होता. (नावं सारखी वाटतात, तिथेच गल्लत होते.) लिसाचा जन्म 15 जून 1479 चा, फ्लोरेन्स शहरातल्या व्हिया माज्जो या रस्त्यावरचा. तिच्या वडिलांची कियांतीत, म्हणजे वाइनला नाव देणाऱ्या तोस्कानातल्या त्या भागात, शेतं होती, काही मालकीची, काही खंडाने घेतलेली. गहू, वाइन आणि ऑलिव्हचं तेल हे त्यांचं उत्पन्न. गव्हाच्या काढणीवर लक्ष ठेवायला सगळं घर उन्हाळ्यात शेतावर राहायला जाई. 1495 मध्ये, पंधराव्या वर्षी, तिचं लग्न रेशमाचे व्यापारी फ्रान्चेस्को देल जोकोंदो यांच्याशी झालं. हुंडा 170 फ्लोरिन (फ्लोरेन्सची सोन्याची नाणी) आणि सान सिल्व्हेस्त्रोचं एक शेत. त्या काळच्या फ्लोरेन्समध्ये हा बेताचाच हुंडा. नाव मोठं, पण हात आखडलेला, असं ते घर होतं. मला ही खरी लिसा व्हिलातल्या राजकन्येपेक्षा कितीतरी जवळची वाटते.

देखाव्याबद्दल फार बोलायला नको. चित्रात खडकाळ सुळके, पाणी, वळणाची वाट आणि कमानींचा पूल आहे. द्राक्षमळा कुठेच नाही.

नावाच्या दाव्यात मात्र तथ्याचा अंश आहे. पुरावा म्हणून व्हिलाच्या गेरार्दिनी घराण्यातल्या आमिदिओ यांचं, कियांती वाइनचा उल्लेख असलेलं 1404 चं पत्र दाखवतात. पण प्रातोचे व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी यांच्या व्यवहारातल्या डिसेंबर 1398 च्या नोंदीत कियांतीची वाइन आधीच आलेली आहे. शिवाय ती वाइन पांढरी होती! आज लाल रंगासाठी ओळखल्या जाणाऱ्या कियांतीची ही नोंद मजकूर फिरवणाऱ्यांनी आवर्जून सांगायला हवी.

मोठेपणासाठी विन्यामाज्जोला मोनालिसाची गरजच नाही. 1716 मध्ये तोस्कानाचे शासक ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा यांनी हुकूम काढून कियांतीची हद्द ठरवली, तेव्हा ग्रेव्हे ते पान्झानो हा पट्टा त्यात घेतला. विन्यामाज्जोचे मळे त्याच पट्ट्यात आहेत.