सर्दीत विणायला घेऊ नका, आखणी करा

थंडीत सर्दी झाली, पांघरुणात बसून राहायचंय, की क्रोशाची सुई हातात येतेच. माझं मत स्पष्ट आहे: अंगात कणकण आणि डोकं जड असेपर्यंत खरं विणकाम सुरू करू नये. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत सेट्रिझिन किंवा क्लोरफेनिरामिन असतं, त्याने गुंगी येते. टाके मोजताना चुकतात, हात कधी सैल तर कधी घट्ट पडतो आणि बरं वाटल्यावर विणलेला भाग आधीच्या भागाशी जुळत नाही. (याच गोळ्यांत अनेकदा पॅरासिटामॉलही असतं. तापासाठी वेगळी गोळी घेण्याआधी पाकिटावरची नावं वाचाच.)

साधी सर्दी ७ ते १० दिवसांत ओसरते, अँटिबायोटिकने ती लवकर जात नाही. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, भरपूर पाणी आणि झोप, एवढं पुरतं. दम लागला, छातीत दुखलं, ताप ३ दिवसांपेक्षा जास्त राहिला किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर सुई बाजूला आणि डॉक्टर आधी.

गुंगी उतरली, पण अजून पांघरुणातच बसायचंय, असे दिवस नमुना (मोजमापासाठीचा छोटा चौकोन) विणायला मात्र उत्तम. मफलरचंच धरा, २० सेमी रुंद आणि १५० सेमी लांब. पुणे-नाशिककडची थंडी सकाळची, दुपारी ऊन चटकतं. म्हणून जाड लोकर नको, मध्यम जाडीची अ‍ॅक्रेलिक आणि ४ मिमीची सुई घ्या. केसाळ, मोहेरसारखी लोकर तर अजिबात नको, सोलवटलेल्या नाकाला तिचे तंतू टोचतात आणि शिंका थांबत नाहीत.

खांबांचा (खांब म्हणजे सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) १५ सेमी बाजूचा चौरस विणा. कोमट पाण्यात धुवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि आडवा वाळवा. मग मधल्या १० सेमीत खांब मोजा. कडा मोजू नका, त्या नेहमी ओढल्या जातात. समजा १५ खांब आले, तर २० सेमीला ३० खांब. त्यासाठी ३२ साखळ्या घालून पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घ्यायचा. सोडलेल्या ३ साखळ्याही एक खांब म्हणून मोजायच्या. पायाच्या साखळ्या घट्ट पडल्या तर मफलरचं ते टोक आवळतं, म्हणून तेवढ्यापुरती ४.५ मिमीची सुई वापरा.

लोकर किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका. नमुना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. २२५ चौरस सेमीला ९ ग्रॅम भरले, तर ३००० चौरस सेमीला १२० ग्रॅम. त्यात १० टक्के जादा आणि गोंड्यांची लोकर धरा, म्हणजे ५० ग्रॅमचे ३ गुंडे. तिन्ही एकदमच घ्या आणि लेबलवरचा डाय लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) एकच आहे ना ते बघा. पुण्याच्या तुळशीबागेत पुढच्या आठवड्यात तोच रंग मिळेल, पण छटा वेगळी निघू शकते, आणि ट्यूबलाइटखाली तो फरक दिसत नाही. रंग दिवसाउजेडीच ठरवावा.

क्रोशात सगळ्यात जास्त घोळ होतो तो कडांचा. मफलर वर जाताना निमुळता होत गेला, तर समजा ओळीचा शेवटचा खांब सुटतोय. तो आधीच्या ओळीच्या सुरुवातीला वळताना घातलेल्या ३ साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत घ्यायचा असतो आणि थकल्या डोळ्यांना ती दिसतच नाही. वळताना त्या साखळीत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा. तरीही दर ५ ओळींनी टाके मोजायचेच, कंटाळा आला तरी.

अ‍ॅक्रेलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, लोकर कायमची निर्जीव होऊन लोंबते. मफलर बाळासाठी किंवा घरातल्या वयस्कर माणसांसाठी असेल, तर देण्याआधी धुवाच. खोकल्याच्या हातांनी विणलेलं ते तसंच गळ्यात घालू नये.

नमुना फेकू नका. त्याच्या शेपटीच्या धाग्याला सुईच्या नंबराइतक्या गाठी मारा, ४ मिमीला ४, आणि लेबल त्यालाच बांधून ठेवा. पुढच्या थंडीत हीच लोकर घेतलीत तर मोजणी पुन्हा करावी लागणार नाही.