नागछत्री हिमालयातली, पण प्रश्न आपल्या सातपुड्याचाही

नागछत्री नावाचं एक रानफूल आहे. हिमाचल, उत्तराखंडात साधारण अडीच हजार मीटरच्या वर, देवदार-फरच्या सावलीत, बर्फ वितळलं की ते वर येतं. एका देठावर तीन रुंद पानं आणि त्यांच्या मधोमध एकच फूल, अरुंद पाकळ्यांचं, जांभळट तपकिरी. उभ्याउभ्या नजरेतही भरत नाही, खाली बसावं लागतं. हिमाचलच्या ट्रेकमध्ये मला सगळ्यात जास्त तेच भावलं.

त्याचा घात त्याच्या कंदातच आहे. या कंदाला औषधांच्या बाजारात मोठी मागणी. कंद खणला की झाड संपलं. बीपासून फुलापर्यंत यायला त्याला कित्येक वर्षं लागतात आणि खणणारा बी पडेपर्यंतही थांबत नाही. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत आज ते संकटग्रस्त आहे.

जळगाव-धुळ्याच्या माणसाला याचं काय, असं म्हणू नका. सातपुड्यातल्या रानटी सफेद मुसळीचंही, या औषधी वनस्पतीचंही, हेच दुखणं आहे. पावसाळ्यात पांढरी फुलं येतात, पुढे पानं वाळली की खणणं सुरू. मुसळीचा झुबका एकदा हातात घेऊन बघा. वर डोळे असलेला लहानसा गड्डा, खाली बोटांसारख्या पांढऱ्या मुळ्या. गड्ड्याला दोन बोटं ठेवून तो परत मातीत पुरला तर पुढच्या पावसात फुटतो. नुसतं बोट पुरलं तर फुटत नाही. पण व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असताना गड्डा पुरत कोण बसणार?

म्हणून खणणाऱ्या पावरा, भिल्ल, तडवी या आदिवासी बांधवांकडे बोट दाखवणं मला साफ नामंजूर आहे. त्यांच्या हाती पडतो तो सगळ्यात छोटा वाटा. जबाबदारी विकणाऱ्याची आणि आपली, विकत घेणाऱ्यांची. मुसळी शेतात पिकते, खान्देशातल्या शेतकऱ्यांनी ती पिकवलीही आहे. मग डबीवर 'शेतातली' की 'रानातली' एवढं छापायला काय हरकत आहे? ते छापणं सक्तीचंच हवं.

दुसरं, २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाचा (लाकूड सोडून कंदमुळांसारख्या जंगलातल्या वस्तूंचा) हक्क आणि जंगल राखायचा अधिकार गावाला दिलाय. कधी खणायचं, किती ठेवायचं, हे ग्रामसभेनंच ठरवावं. यावल, चोपडा, धडगावकडच्या कुणाच्या गावात असा ठराव झाला असेल तर कमेंटमध्ये जरूर कळवा. ठरावाची प्रत मिळाली तर फार बरं होईल, इतर गावांना दाखवता येईल.