कॅमेरा दिसला पाहिजे, रस्ता नंतर बघू

मालक, गाड्यांना डॅशकॅम, म्हणजे काचेवर बसून रस्त्याचं चित्रण करणारे कॅमेरे, घेतलेत हे फार बरं केलंत. आता प्रश्न उरला तो लावायचा कुठे एवढाच. त्यासाठी नियमबियम वाचत बसू नका, नियम लिहिणाऱ्यांनी तुमचे ड्रायव्हर कुठे पाहिलेत? कॅमेरा ड्रायव्हरच्या थेट नाकासमोर, डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. मालक बघतोय हे त्याला क्षणोक्षणी जाणवलं पाहिजे. समोरून येणारा डंपर नाही जाणवला तरी चालेल. तो काय, एकदाच येतो.

अमेरिकेतल्या लोकांना मात्र याही कामात पट्टी लागते. तिथे व्यावसायिक वाहनांसाठी केंद्रीय नियम आहे आणि तो थेट इंचांत बोलतो. वायपर काचेचा जेवढा भाग पुसतो, त्याच्या वरच्या कडेपासून खाली साडेआठ इंच किंवा खालच्या कडेपासून वर सात इंच, एवढ्या पट्ट्यातच यंत्र बसवायचं. शिवाय रस्ता, पाट्या आणि सिग्नल यांच्याकडे जाणारी ड्रायव्हरची नजर कुठेही अडता कामा नये. २०२२ च्या मे महिन्यापर्यंत वरून फक्त चार इंच मिळायचे. मग आपोआप ब्रेक लावणारी, लेन सुटली की ओरडणारी यंत्रं आली. त्यांनाही पुसलेल्या काचेतूनच बघावं लागतं, म्हणून चाराचे साडेआठ झाले. म्हणजे सरकारनेच दुपटीहून जास्त सूट दिली म्हणायची. त्यात आणखी सात-आठ इंच तुम्ही स्वतःच्या अधिकारात वाढवून घेतलेत, तर कोण विचारतंय?

वायपरचा पट्टा मोजायची कटकट कशासाठी, हे मात्र एकदा समजून घ्या, म्हणजे टाळायला सोपं जाईल. पट्ट्याच्या बाहेर, अगदी कोपऱ्यात कॅमेरा लावला की पावसात त्याला फक्त ओघळ दिसतात. ड्रायव्हरची काच स्वच्छ आणि कॅमेऱ्याची गढूळ. हीही सोय वाईट नाही. चूक आपल्या गाडीची असेल त्या दिवशी पाऊस असला म्हणजे झालं.

ब्रिटनमध्ये तर कहर आहे. छोट्या व्हॅनच्या वार्षिक तपासणीत स्टिअरिंगचा मध्य धरून काचेवर २९० मिलिमीटर रुंदीचा उभा पट्टा कल्पायचा आणि त्यात कोणतीही वस्तू १० मिलिमीटरपेक्षा जास्त घुसलेली चालत नाही. उरलेल्या पुसल्या जाणाऱ्या काचेवर ४० मिलिमीटर चालते. १० मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा. एवढ्याशा जागेत कॅमेऱ्याचा स्टँडसुद्धा मावणार नाही, हे त्यांना कळत नाही असं नाही. मावू नये म्हणूनच लिहिलंय.

आता कोणीतरी शहाणा तुम्हाला गणित सांगायला येईल. म्हणेल, ड्रायव्हरच्या डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर १० सेंटिमीटर रुंदीचं यंत्र ठेवलं, की ते एका डोळ्यापुरता ३५ मीटरवरचा तब्बल ५ मीटरचा रस्ता झाकतं. दुसरा डोळा बाजूने डोकावून बरंच वाचवतो, तरी पावणेदोन मीटरच्या आसपास असा पट्टा उरतोच, जो दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. मोटारसायकल आणि तिच्यावरचा माणूस त्यात आरामात मावतो. तुम्ही म्हणाल, मावेना का, गाडी पुढे सरकली की दिसेल. इथेच तो शहाणा तुम्हाला खिंडीत गाठेल. दोन वाहनं आपापल्या सरळ रेषेत, आपापला वेग न बदलता धडकेच्या दिशेने येत असली, तर समोरचं वाहन काचेवर इकडेतिकडे सरकत नाही. एकाच जागी राहतं आणि फक्त मोठं होत जातं. चौकात आडवा येणारा मोटारसायकलस्वार कॅमेऱ्यामागे गेला, तर ड्रायव्हरने मान हलवली नाही तोवर तो तिथेच राहणार. सरकून दिसतात ती वाहनं, जी तसंही धडकणार नव्हती.

काचेच्या कडेचे खांब हाच उद्योग करतात, पण त्यांच्यावर छप्पर उभं आहे म्हणून ते काढता येत नाहीत. कॅमेरा तुम्ही हौसेने लावताय. आणि त्याचं कौतुक असं, की ड्रायव्हरला जे दिसलं नाही ते त्याला लख्ख दिसतं, कारण त्याच्यापुढे कॅमेरा नसतो! अपघात झाला की स्वतःमुळे झालेल्या घटनेचं इतकं स्पष्ट चित्रण दुसरं कोण देईल?

(व्हॅन असेल तर आतल्या आरशामागची जागा बहुधा रिकामी असते. ती तशीही आरशाने झाकलेली, त्यामुळे नवं काही अडत नाही. मोठ्या ट्रकला हा आरसाच नसतो, तिथे वरची किंवा खालची कड धरावी लागते. पण अशा ठिकाणचा कॅमेरा ड्रायव्हर चार दिवसांत विसरतो. मग धाक तो काय राहिला?)

एकटा कॅमेरा बरा दिसत नाही, त्याला सोबत द्या. शेजारी फोनचा होल्डर, त्याखाली रस्ता दाखवणारं यंत्र, पलीकडे टोलचा टॅग, आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे वळवलेला दुसरा कॅमेरा. प्रत्येक वस्तू विकणारा सांगतो की हिच्यामुळे काही अडत नाही, आणि ती एकटीच धरली तर तो खरंही बोलतो. सगळ्यांची बेरीज करायचं काम कोणाचंच नसतं.

वायर लपवायचं कंत्राट स्वस्तात देऊन टाका. बसवणारा मुलगा ती काचेच्या कडेने, खांबाच्या प्लास्टिक पट्टीखालून खेचेल. त्या पट्टीमागे काही गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. वायर तिच्यामागून न्यायची असते, पुढून नाही. मुलाने कुठून नेली हे एअरबॅग उघडेपर्यंत कोणालाच कळत नाही, त्यामुळे बिल लगेच चुकतं करायला हरकत नाही.

चिकटपट्टीऐवजी रबरी सक्शन कप घ्या, काढायला सोपा. उन्हात काच तापली की तो स्वतःच सुटतो, म्हणजे काढायचेही कष्ट नाहीत. तो ड्रायव्हरच्या पायाशी, ब्रेकच्या पेडलखाली जाऊन पडला तर सोयीचा प्रश्न थोडा बदलतो, पण आपण वाईट विचार कशाला करायचा? बॅटरीही साधी लिथियमचीच पाहा. उन्हात फुगू नये म्हणून काही कंपन्या तिच्याऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा वेगळा भाग) घालतात. नसती उधळपट्टी.

हादरा ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता मात्र कमाल ठेवा, यात तडजोड नको. मग प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक आणि प्रत्येक जोरात लावलेलं दार ‘अपघात’ म्हणून नोंदलं जाईल. अशी प्रत्येक फाइल कुलूपबंद होते आणि जुनी फाइल पुसून नवी लिहायच्या चक्रातून सुटते. रस्ता खराब असला तर थोड्याच दिवसांत कार्डभर खड्डेच खड्डे होतील. मग खरा अपघात होईल तेव्हा कॅमेरा शांतपणे ‘कार्ड भरले’ असं दाखवेल. घड्याळाला हात लावायची गरज नाही. कारखान्यातून जी तारीख आली ती येऊ द्या. कोर्टात विरुद्ध पक्षाच्या वकिलाला तेवढाच विरंगुळा.

खासगीपणाचं बोलणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये असा निकाल दिला, की रस्त्याचं विनाकारण सतत चित्रण करत राहणं माहिती-संरक्षणाच्या कायद्यात बसत नाही, तरी अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं. तुम्ही फक्त दुसरा अर्धा भाग पाठ करा. कॅलिफोर्नियात गाडीतलं बोलणं नोंदलं जात असेल तर प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते. एवढंच नाही, नोकरीवरच्या ड्रायव्हरने मागितलं तर मालकाने पाच दिवसांत, फुकट, काटछाट न करता चित्रणाची प्रत द्यायची. फुकट!

तुमच्याकडे कोणी ड्रायव्हर असं काही मागायला आलाच, तर त्याला सांगा की पासवर्ड बसवणाऱ्या मुलाकडे होता आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला. यात खोटं बोलावं लागत नाही, बहुतेक ठिकाणी तसंच झालेलं असतं. आणि ड्रायव्हर फारच म्हणू लागला, की साहेब, कॅमेऱ्यामुळे डावीकडचं काही दिसत नाही, तर पुढच्या खरेदीत त्याच्यासाठी मोठ्या स्क्रीनचं मॉडेल मागवा. त्याला काचेतून जे दिसत नाही, ते स्क्रीनवर बघता येईल.