शहर बुडवायचंय? बाल्टिमोरला शिकवणी लावा

तुमच्या ताब्यात एखादं शहर आलंय आणि ते पद्धतशीर बुडवायचंय? मग अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोरचा अभ्यास करा. पैसा नसल्याची तक्रार करू नका. पैसा असतो, तो फक्त वर्गातल्या हीटरपर्यंत पोहोचू द्यायचा नाही.

जानेवारी 2018 मध्ये कडाक्याची थंडी पडली, तेव्हा तिथल्या साठेक शाळांतली हीटिंग कुरकुरत होती. पोरं वर्गात जाकिटं चढवून बसली. हातमोजे घालून पेन्सिल धरता येत नाही, म्हणजे वह्या तपासायची कटकटही मिटली! राज्याने दुरुस्तीला दिलेले कोट्यवधी डॉलर त्याआधीच माघारी गेले होते, कारण कामं वेळेत मार्गी लागली नाहीत. फाईल तेवढी हलू द्यायची नाही, निधी आपोआप परत जातो. उकाडा वाढला की एसी नसलेल्या शाळा लवकर सोडून द्या. नळाच्या पाण्यात शिसं सापडलं तर 2007 साली त्यांनी केलं तसं करा: नळ बंद, बाटल्या चालू.

वाचनाची गोडी मात्र लावा. पुस्तकं स्वतःच लिहा. पुढे महापौर झालेल्या कॅथरीन प्यू ज्या रुग्णालय संस्थेच्या संचालक मंडळावर होत्या, तिनेच त्यांच्या बालपुस्तकांच्या एक लाख प्रती पाच लाख डॉलरना घेतल्या. हजारो प्रती शाळांच्या गोदामात धूळ खात पडल्या. विषय काय, तर मुलांचं आरोग्य! (बाईंना 2020 मध्ये तीन वर्षांची कैद झाली. एवढं मनावर घेऊ नका.)

पोलिसांचं काही अडू देऊ नका. बेकायदा बंदुका पकडायला खास पथक नेमा. बाल्टिमोरच्या अशा पथकातले पोलीस 2017 मध्ये स्वतःच पकडले गेले. लोकांना लुटायचे आणि सुट्टीवर असतानाचाही ओव्हरटाइम लावायचे. मग नवा आयुक्त आणा. 2018 मध्ये आलेले डॅरिल डी सूझा काही महिन्यांतच गेले, कारण साहेबांनी तीन वर्षं आयकराचं विवरणपत्रच भरलं नव्हतं.

पोलीस पाहून कुणी पळालं, तर आधी त्याला धरा. फ्रेडी ग्रे हा तिथला कृष्णवर्णीय तरुण असाच पळाला होता, 12 एप्रिल 2015 ला. लहानपणी घराच्या रंगातलं शिसं त्याच्या अंगात भिनलं होतं, त्याचा दावाही कोर्टात गेला होता. या वेळी पोलिसांच्या गाडीत त्याची मान मोडली आणि आठवड्याभरात तो गेला. शहराने कुटुंबाला 64 लाख डॉलर दिले. सहा पोलिसांवर गुन्हे दाखल झाले, शिक्षा एकालाही नाही.

अंत्यसंस्काराच्या दिवशी काय केलं, तेही लिहून घ्या. मॉन्डॉमिन मॉलपाशी शेकडो पोरं बस बदलतात. नेमक्या शाळा सुटायच्या वेळी तिथल्या बस आणि मेट्रो बंद केल्या. घरी जायला वाहन नाही, समोर ढाली घेतलेले पोलीस. दगड पडले की लगेच म्हणायचं, "आईबापांनी वळणच लावलं नाही हो!"

पुढची चाल दोनच महिन्यांनी खेळा. जून 2015 मध्ये गव्हर्नर लॅरी होगन यांनी पश्चिमेकडच्या गरीब वस्त्यांना रोजगाराच्या ठिकाणांशी जोडणारी रेड लाइन रेल्वे रद्द केली. केंद्राचे 90 कोटी डॉलर नाकारले, राज्याचा पैसा इतर भागांतल्या रस्त्यांना दिला. आता त्या वस्तीतलं पोर दोन बस बदलून कामावर उशिरा पोहोचलं, तर आळसावरचं भाषण खिशात तयार ठेवा.